हरवली की पळवली

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर

प्रिय अवंती,

घरच्या ग्रुपमधून मी बाहेर का पडले, असं तू रविवारी फोनवर विचारलंस आणि मी डोळ्यांना त्रास होतो असं सांगून विषय बदलला. डोळे ठणठणीत आहेत. घरच्याच नाही, कॉलनीच्या आणि मराठी मंडळातल्या बायकांच्या ग्रुपमधूनही मी एकाच दुपारी बाहेर पडले. सांगायचं पुष्कळ आहे. तीनदा फोन हातात घेतला आणि तीनही वेळा तू जेवलीस का एवढंच विचारून ठेवला. म्हणून शेवटी सातवीच्या मुलींच्या भूगोलाच्या वह्या बाजूला सारून लिहायला बसले आहे. हे पत्र सलग वाच, मध्येच उठून मला फोन करू नकोस.

आधी त्या ग्रुपमधल्या माणसांबद्दल लिहिते, कारण गेले कित्येक महिने त्यांचा राग माझ्या घशाशी आलेला आहे. आपल्या उषाताई घे. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या. मागच्या ग्रहणाच्या आधी त्यांनी मंडळाच्या ग्रुपमध्ये पाठवलं की ग्रहणकाळात फ्रिज बंद ठेवा, नाहीतर आतल्या अन्नात शिसं उतरतं. मी विचारलं, शिसं येणार कुठून? त्यांचं उत्तर आलं, "ते काही लिहिलेलं नाही, पण सावध राहिलेलं काय वाईट?" त्यांनी सहा तास फ्रिज बंद ठेवला. दूध नासलं. आणि संध्याकाळी त्या नासलेल्या दुधाचा फोटो त्यांनी ग्रुपमध्ये टाकला, बघा म्हणाल्या, मेसेज खरा होता! त्याला एकवीस जणींनी हात जोडले.

मला आधी वाटायचं, ही माणसं भोळी आहेत. मुळीच नाहीत. भोळा माणूस बाजारातही फसतो. हे लोक टोमॅटो एकेक दाबून घेतात, कामवालीनं दोन दिवस सुट्टी मागितली तर तिच्या शेजारणीकडे चौकशी करतात, सोयरीक जुळवताना मुलाच्या मामाच्या साडूपर्यंत पोचतात. तुझे सुश्रुतकाका पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात. वाळूचा ट्रक आला की मूठभर वाळू तळहातावर चोळून त्यात माती किती ते सांगतात, आणि ते बरोबर निघतं. पण फोनवर आलेलं काहीही चोळून बघावं असं त्यांना कधी वाटत नाही. कारण त्यात स्वतःचं काही जात नाही ना! खोटं निघालं तर "मला आलं तसं पाठवलं." खरं निघालं तर "मी आधीच सांगितलं होतं." घरबसल्या, चहा पिता पिता, अंगठ्याच्या एका दाबानं जगाची काळजी वाहिल्याचं पुण्य मिळतं. रस्त्यात पडलेल्या माणसाजवळ थांबणार नाहीत, पण "कृपया पुढे पाठवा" म्हटलं की यांच्यासारखे परोपकारी नाहीत.

आपल्या घरात एकच व्यक्ती अशी आहे जी प्रत्येक मेसेजला "खरं आहे का गं हे?" असं विचारते. ती म्हणजे तुझी एक्क्याऐंशी वर्षांची आजी. आणि तिलाच सगळे म्हणतात, विजयाबाईंना आता काही कळत नाही.

दिवाळी झाली आणि मुलं पळवणारी टोळी आल्याची हूल उठली. कुणी म्हणे चाळीस बाया आहेत, कुणी म्हणे चारशे. कुणाचं मूल गेलं ते मात्र कुणालाच माहीत नाही. प्रत्येकाच्या ओळखीच्याच्या ओळखीच्याचं गेलेलं. शाळेत मुलींना सोडायला आई, बाबा, आजोबा असे तिघंतिघं येऊ लागले. मी वर्गात एकदा विचारलं, तुमच्यापैकी कुणाच्या गल्लीत असं झालं? एकीनंही हात वर केला नाही. मग एक म्हणाली, "मॅम, आमच्या नाही, पण हरिशंकरपुरममें हुआ है, पक्का." हरिशंकरपुरमच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, थाटीपुरात झालंय.

अशात सुश्रुतकाकांनी कॉलनीच्या ग्रुपमध्ये तो फोटो टाकला. मेळ्यातला. तू सहा वर्षांची, लाल स्वेटर, कानटोपी, आणि ज्या बाईच्या मांडीवर तू बसली आहेस तिच्या हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. खाली त्यांनी लिहिलं होतं की असे प्रकार आपल्या गावात नवे नाहीत, बारा वर्षांपूर्वी माझ्या पुतणीलाच ह्या बाईनं मेळ्यातून पळवलं होतं, देवाच्या कृपेनं वहिनींनी वेळेवर पाहिलं. दोन दिवसांत त्यातली बारा वर्षं गळून पडली. चौथ्या दिवशी तोच फोटो मला शाळेच्या शिपायानं दाखवला. खाली हिंदीत होतं, "सावधान! यह औरत कल शाम थाटीपुर में देखी गई है।" त्याला मी म्हटलं, अरे, ही मुलगी माझी आहे, ती आता अठरा वर्षांची आहे. तो घाबरून म्हणाला, "हाय राम, मैडम, तो बात सच्ची है!"

ती गोष्ट तुला पाठ आहे. लहानपणापासून ऐकत आली आहेस. जानेवारीतला मेळा, मरणाची थंडी, मरणाची गर्दी. त्या बाईनं तुला शालीखाली लपवलं होतं आणि ती गेटच्या दिशेनं निघाली होती. मी तुझा लाल स्वेटर ओळखला, धावत जाऊन तिचा हात धरला आणि तुला ओढून घेतलं. बाहेर एक व्हॅन उभी होती. तू दहा वर्षांची झालीस तोवर त्या व्हॅनमध्ये एक माणूसही येऊन बसला होता. पाहुणे आले की कुणीतरी म्हणायचं, शरयू, ते मेळ्याचं सांग ना, आणि मी सांगायचे. मी सांगताना तू माझ्या पदराचं टोक धरून बसायचीस. त्यानंतर तू कधी मेळ्यात आली नाहीस. बारावीच्या वर्षी तुझ्या मैत्रिणी गेल्या, तेव्हाही नाही.

आता गेल्या बुधवारचं ऐक. कॉलनीच्या ग्रुपमध्ये एक व्हिडिओ आला, "पकडी गई!" म्हणून. थाटीपुरातला एक चौक. भाजलेल्या शेंगदाण्यांचा ठेला आडवा पडलेला, शेंगदाणे रस्ताभर, आणि मध्ये एक साठीची बाई जमिनीवर बसलेली. डोक्यातून रक्त येतंय. हनुवटीवर तीन ठिपके. ती वर हात करून एकच वाक्य म्हणतेय, "गोदी में बैठाई थी, बस, गोदी में बैठाई थी।" ज्यांनी तिला मारलं ते गुंड नाहीत गं. एकाच्या पाठीवर ऑफिसची बॅग आहे. एका बाईच्या हातात भाजीची पिशवी आहे, तीही पायानं मारून पिशवी सांभाळत मागे सरते. आणि एक जण खाली वाकून शेंगदाणे गोळा करून खातोय. मारतोय आणि खातोय. तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्या व्हिडिओखाली आपल्या कॉलनीतल्या सुशिक्षित लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. उषाताईंनी लिहिलं होतं, जागरूक नागरिकांचं अभिनंदन.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरकारी हॉस्पिटलात गेले. कुणाला सांगितलं नाही. तिचं नाव कैलासी. मनगट मोडलंय, डोक्याला नऊ टाके आहेत. उशाशी तिची सून बसली होती. मी शाळेतून आले म्हटल्यावर त्यांना वाटलं, कुठल्यातरी संस्थेची असेन. सुनेनं स्टूल पुढे केलं. मी विचारलं, काय झालं होतं? कैलासी म्हणाली, "बहनजी, मेले में एक बच्ची मिली थी, बरसों हुए। रो रही थी। बोले जा रही थी, आई, आई। हम पूछें, कौन आई? कोई नहीं आई, बिटिया। बाद में एक जनी ने बताया, मराठी लोग माँ को आई कहते हैं।" हे सांगताना ती हसली. टाके ओढले गेले असतील, लगेच डोळे मिटून घेतले. मग म्हणाली की दोघंतिघं तुला न्यायला आले होते, आम्ही पोचवतो म्हणाले, एक तर भोंग्यावरून नाव पुकारणारा होता, पण तिनं कुणाला दिलं नाही. "हमने कहा, माँ आएगी तो उसी को देंगे।"

अवंती, व्हॅन नव्हती. माणूस नव्हता. ती बाई गेटकडे निघालेली नव्हती, ती तिच्या शेगडीजवळ पोत्यावर बसलेली होती. तुला थंडी वाजत होती म्हणून तिनं तिची शाल तुझ्या अंगावर घातली होती. तुझ्या मुठीत शेंगदाणे होते. मी खुर्जाच्या कपबश्यांच्या दुकानात एक कप उजेडाकडे धरून त्याला तडा आहे का ते बघत होते. त्यासाठी मी तुझा हात सोडला. चाळीस मिनिटं तू सापडत नव्हतीस. सुश्रुतकाकांना तू आधी दिसलीस. त्यांच्याकडे तेव्हा नवा फोन होता, त्यांनी लांबूनच फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर पाठवला, "अवंती सापडली." तो फोटो म्हणजे आनंदाची बातमी होती. मी धावत पोचले, तुला उचललं, आणि कैलासी सगळ्यांसमोर मला म्हणाली, "हाथ पकड़ के रखा करो, बहनजी। बच्चा है, थैला थोड़े ही है।" माझ्या जावा, तुझ्या दोन्ही आत्या, सगळ्या उभ्या होत्या. एकजण हसलीसुद्धा. मी त्या बाईला धन्यवाद म्हटलं नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही.

घरी येईपर्यंत ग्रुपमध्ये प्रश्न सुरू झाले होते. कशी हरवली? कुणाबरोबर होती? आईचं लक्ष कुठे होतं? पुण्याच्या आत्याबाईंनी लिहिलं, आजकालच्या मुलींना खरेदी सुचते. तेव्हा मी लिहिलं, "हरवली नव्हती, पळवली होती. फोटोतली बाई तिला शालीखाली लपवून नेत होती. मी सोडवून आणली." हरवलीमध्ये दोष माझा होता. पळवली म्हटलं की तो त्या बाईवर गेला आणि मी शूर झाले. क्षणात सगळ्यांचा सूर बदलला. धन्य ती माऊली, वगैरे. तिथे हजर असलेल्या जावा-नणंदांनीही हात जोडले, घराची लाज राखली गेली होती. ज्या आत्याबाईंनी टोमणा मारला होता त्यांनीच तो मेसेज सगळ्यात आधी पुढे पाठवला, "मेळ्यात जाणाऱ्यांनी काळजी घ्या" असं जोडून. त्या बाईचा काय पत्ता लागणार, आणि शेंगदाणेवालीला कोण ओळखतंय, असं मी स्वतःला सांगितलं. तुझ्या बाबांना सगळं माहीत होतं. ते म्हणाले, "जाऊ दे, कुणाचं काय बिघडलं?" फक्त आजीनं विचारलं होतं, "पळवत होती म्हणतेस, तर मग फोटोत बसलेली कशी?" मी तिच्यावर खेकसले. परत तिनं तो विषय काढला नाही.

आणि सुश्रुतकाकांचं काय सांगू! त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तिला पोत्यावर बसलेली पाहिलं होतं. परवा मी त्यांना म्हटलं, भावजी, फोटो तुम्हीच काढलात, ती कुठे पळत होती? ते गोंधळले. म्हणाले, "पण वहिनी, तुम्हीच तर सांगितलं होतं." बारा वर्षं माझं ऐकून ऐकून त्यांनी आपले डोळेच रद्दीत घातले. ज्या लोकांना मी वर इतक्या शिव्या घातल्या ते निदान दुसऱ्याचं खोटं पुढे ढकलतात. मी तर स्वतःच्या हातानं बनवून दिलं.

हॉस्पिटलात मी कैलासीला सांगितलं, ती आई मीच. आणि पुढचंही सगळं सांगितलं. सून उठून उभी राहिली. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. कैलासी म्हणाली, "बिटिया ठीक है?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "तो जाओ, अब सबको बताओ।" एवढंच. माफ केलं नाही, शिवीही दिली नाही. दाराशी येऊन सुनेनं मात्र सांगितलं की पुन्हा येऊ नका, आणि मी आणलेली फळं माझ्या हातात परत दिली.

मी सगळ्यांना सांगितलं. आधी पोलिसांकडे जाऊन लेखी जबाब दिला, मग तिन्ही ग्रुपमध्ये लिहिलं, काही न लपवता, कपबशीसकट. घरच्या ग्रुपमधलं तू काही उघडून वाचत नाहीस, मी बाहेर पडले तेवढंच तुला कळलं. तुला वाटेल, लोक शरमले असतील. उषाताई म्हणाल्या, असेल, पण सावध राहिलेलं काय वाईट? कॉलनीच्या जयसिंहरावांनी विचारलं, शरयूताई, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का? एकानं लिहिलं, अकाउंट हॅक झालेलं दिसतंय. माझं खोटं ज्यांनी एका मिनिटात गिळलं, त्यांना माझ्या खऱ्याचा पुरावा हवा होता. तासाभरानं माझ्या मेसेजच्या वर पाच नवे मेसेज चढले, त्यातला एक गुडघेदुखीवरच्या तेलाचा होता. मग मी बाहेर पडले.

आता हे सगळं मी तुला पत्रातून का लिहिते आहे, ते सांगते. मला खोटं पाडायला त्यांच्याकडे तुझे शब्द आहेत. नेटवर फिरणाऱ्या त्या फोटोखाली तू पुण्याहून लिहिलंस, "या फोटोतली मुलगी मी आहे. ही अफवा नाही. माझ्या आईनं मला या बाईच्या हातून सोडवलं. प्लीज विश्वास ठेवा." तू ते मला फोनवर वाचून दाखवलंस, "आई, मीपण लिहिलं!" म्हणालीस, आणि मी "छान" म्हटलं. त्याच वेळी सांगायला हवं होतं. कैलासी तेव्हा थाटीपुरात ठेला लावत होती, तो बुधवार यायला पुरे दोन दिवस होते. तुझं कुणीतरी हिंदीत केलं आणि ते फोटोला जोडून फिरलं. त्या व्हिडिओत मागे एक तरुण फोनवरून मोठ्यानं काहीतरी वाचून दाखवतोय. मी तीनदा ऐकलं. ते तुझे शब्द आहेत. तू खोटं बोलली नाहीस, अवंती. तू आईवर विश्वास ठेवलास आणि आपल्या आईबद्दल अभिमानानं लिहिलंस. पाप असेल तर ते सगळं माझं आहे, त्यातला कणही तू उचलू नकोस. पण तुझं वाक्य फक्त तूच मागे घेऊ शकतेस. ते पुसून टाकू नकोस, पुसलंस तर म्हणतील, मुलीलाही गप्प केलं. त्याच्या खाली लिही की तू हरवली होतीस, या बाईनं तुला सांभाळलं आणि तुझ्या आईनं खोटं सांगितलं. माझं नाव घाल, पूर्ण, आडनावासकट, शाळेचंसुद्धा. आणि दोन दिवसांची सुट्टी काढून ये. कैलासीनं तुला बोलावलेलं नाही, तिची सून कदाचित दारातूनच परत पाठवेल. तरी ये. मी बाहेर रस्त्यावर उभी राहीन, तू एकटीच आत जा.

अजून म्हणू देशील तर, तुझीच,
आई